मोटारीचा कमाल वेग नेमका कशात असतो?

नववीच्या वर्गात 'कार्य आणि ऊर्जा' हे प्रकरण सुरू झाले की एक प्रश्न हमखास विचारला जातो : जगातील सर्वांत वेगवान मोटार कोणती, आणि ती तेवढ्यावरच का थांबते? पूर्वार्धाचे उत्तर हल्ली मुलांनाच आमच्याहून अधिक ठाऊक असते. आकडे त्यांच्या जिभेवर असतात. उत्तरार्ध मात्र वर्गाला शांत करतो. या स्मरणिकेत आठवणींचे लेख पुष्कळ असतील. विज्ञान विभागाच्या वतीने आम्ही त्या उत्तरार्धाचा धडाच येथे मांडायचे ठरवले आहे. आपले अनेक माजी विद्यार्थी आज चालक आहेत, कोणी गॅरेजमध्ये आहेत, कोणी चाकण-वाळूजच्या कारखान्यांत आहेत. आणि पालकांपैकी बहुतेकांना आज ना उद्या समृद्धी महामार्गावरून प्रवास करायचा आहे. विषय केवळ परीक्षेपुरता राहिलेला नाही.

'मिलिंदपञ्ह' या ग्रंथातील रथाचा प्रसंग आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. भदंत नागसेन राजा मिलिंदाला विचारतात की, आपण रथातून आलात, तर रथ म्हणजे नेमके काय : आस, चाके, जू, की सांगाडा? राजा एकेक भाग नाकारत जातो आणि अखेर मान्य करतो की या सर्व भागांच्या जुळणीलाच रथ हे नाव आहे. तेथे प्रश्न अनात्मतेचा होता. आमचा प्रश्न त्या मानाने फारच साधा आहे. परंतु विचारण्याची ती रीत येथेही उपयोगी पडते. कमाल वेग इंजिनात आहे काय? गिअरमध्ये? टायरमध्ये? की वेगमापकाच्या तबकडीवर छापलेल्या शेवटच्या आकड्यात?

शेवटच्या शंकेचा निकाल आधी लावू, कारण ती सर्वांत जास्त पसरलेली आहे. तबकडीवर २०० किंवा २२० लिहिले असेल तर गाडी तेवढी धावते, असे अनेक सुशिक्षित लोकही मानतात. तबकडी ही केवळ मोजपट्टी आहे. शिंप्याच्या टेपवर दीडशे सेंटिमीटर छापलेले असतात म्हणून गिऱ्हाईक तेवढ्या कमरेचे होत नाही.

आता मूळ विचाराकडे वळू. (पाठ्यपुस्तकात 'चाल' आणि 'वेग' यांत भेद केला आहे आणि तो योग्यच आहे, येथे आम्ही रस्त्यावरचा रूढ शब्द म्हणून 'वेग' वापरत आहोत.) सपाट रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात. एक, घरंगळणाऱ्या चाकांना होणारा रोध. टायर जमिनीशी टेकतो तेथे थोडा चपटा होतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा गोल होतो. या सततच्या दबण्या-फुगण्यात ऊर्जा खर्च होते. हा रोध वेगानुसार फारसा बदलत नाही. दुसरा रोध हवेचा. तो मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट. कारण सोपे आहे. दुप्पट वेगाने जाताना दर सेकंदाला दुप्पट हवा बाजूला सारावी लागते, आणि त्या हवेला दुप्पट जोराने सारावे लागते.

येथपर्यंत मुले चटकन येतात. पुढची पायरी महत्त्वाची आहे. इंजिनाकडून आपण मागतो ते बल नव्हे, शक्ती. आणि शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. रोध चौपट झाला आणि तो दुप्पट वेगाने ढकलायचा असला, तर लागणारी शक्ती आठपट होते. म्हणजे हवेपुरते बोलायचे तर शक्तीची मागणी वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. या एका वाक्यात जवळजवळ सारा धडा आहे.

आकड्यांनी पाहू. आपल्याकडची एक मध्यमवर्गीय लहान मोटार घेऊ; आकडे आम्ही सोयीसाठी गोल धरले आहेत. चालकासह वजन १००० किलो. समोरून दिसणारे क्षेत्रफळ २ चौरस मीटर. आकाराचा सुबकपणा दाखवणारा रोध गुणांक ०.३५. चाकांचा रोध १२० न्यूटन. हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर धरली, तर हवेचा रोध न्यूटनमध्ये येतो ०.४२ गुणिले वेगाचा वर्ग. वेग अर्थातच मीटर प्रति सेकंदात.

ताशी ६० किमी वेगाला हवेचा रोध सुमारे ११७ न्यूटन भरतो, म्हणजे चाकांच्या रोधाएवढाच. दोन्ही मिळून गाडीला चाकांपाशी सुमारे ५.४ अश्वशक्ती पुरते. वाचकांपैकी पुष्कळांना हा आकडा खोटा वाटेल, पण तो खरा आहे : सपाट रस्त्यावर साठच्या वेगाने जाणारी मोटार एका साध्या स्कूटरच्या इंजिनापेक्षाही कमी शक्तीवर चालते. ताशी १२० किमीला हीच मागणी सुमारे २७ अश्वशक्ती होते. वेग दुप्पट, खर्च जवळजवळ पाचपट. पूर्ण आठपट होत नाही, कारण चाकांचा रोध वाढलेला नाही. ताशी १६० किमीला सुमारे ५७ अश्वशक्ती लागते. आता समजा, या गाडीचे इंजिन ६७ अश्वशक्तीचे आहे आणि त्यातला सुमारे सातवा भाग गिअरपेटी व इतर जोडणीत वाटेतच जिरतो. चाकांपाशी उरतात सुमारे ५७. झाले. गाडीचा कमाल वेग ताशी १६०.

हा वेग इंजिनावर लिहिलेला नव्हता आणि हवेतही नव्हता. मिळकत आणि खर्च जेथे समान होतात, ते ठिकाण म्हणजे कमाल वेग. त्याच्या अलीकडे शिल्लक उरते आणि ती वेग वाढवण्यासाठी कामी येते. त्या बिंदूवर शिल्लक शून्य होते. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला असतो, इंजिन पूर्ण जोरात असते, आणि वेग मात्र तसूभरही वाढत नाही.

याच गाडीला ताशी २०० किमी पळवायचे असेल तर? वेगातली वाढ पंचवीस टक्के आहे. हिशेब केला तर इंजिन सुमारे १२५ अश्वशक्तीचे लागते, म्हणजे आधीच्या जवळजवळ दुप्पट. इंजिनात थोडी सुधारणा करून वेग खूप वाढवून देतो, असे सांगणाऱ्या कारागिराचा दावा या एका आकड्यावर तपासून पाहावा. इंजिनाची शक्ती दहा टक्के वाढवली तर कमाल वेग वाढतो जेमतेम तीन टक्के.

उलट बाजूने पाहिले की आकाराचे महत्त्व कळते. जूनमध्ये मुले वसतिगृहात दाखल होतात तेव्हा आवारात उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या टपावर ट्रंक, गादीची वळकटी, बादली असा संसार बांधलेला असतो. समजा, या सामानामुळे क्षेत्रफळ आणि गुणांक यांचा गुणाकार ०.७० वरून ०.९५ झाला. त्याच इंजिनाने गाडीचा कमाल वेग १६० वरून १४५ वर येतो. आता सामान न्यायचेच नाही आणि त्याऐवजी गाडीत चार माणसे अधिक बसवली, वजन २६० किलोने वाढले. सपाट रस्त्यावर कमाल वेग किती घटेल? केवळ दोनेक किलोमीटर! वजनाने गाडी जड पडते ती वेग घेताना, घाट चढताना आणि थांबताना. सपाटीवरच्या शेवटच्या आकड्याशी वजनाचा संबंध फार थोडा आहे. चढावर मात्र हिशेब पालटतो. वीस मीटरला एक मीटर अशा चढावर आमच्या या गाडीचा कमाल वेग १६० वरून सुमारे १३० वर येतो, आणि चार माणसे वाढवली तर १२२ वर. अर्थात वळणाच्या घाटात हे आकडे वहीतच ठेवायचे असतात.

घनाचा हा नियम वहीबाहेर खरा ठरतो काय, हे पाहण्यासाठी जर्मनीत जावे लागेल. एरा-लेसिएन येथे फोक्सवॅगन कंपनीची चाचणी-धावपट्टी आहे. तिचा सरळ भाग जवळजवळ ९ किमी लांबीचा आहे. एवढी लांबी कशासाठी? कमाल वेगाच्या जवळ जाता जाता शिल्लक आटत जाते, म्हणून शेवटचे काही किलोमीटर प्रतितास मिळवायला रस्ताही फार लागतो. याच कंपनीच्या समूहातील बुगाटीने २००५ साली 'व्हेरॉन' ही मोटार विक्रीस आणली. आठ लिटरचे सोळा सिलिंडरांचे इंजिन, चार टर्बो, १००१ अश्वशक्ती, आणि कमाल वेग ताशी ४०७ किमी. पाच वर्षांनी, २०१० मध्ये, तिचीच १२०० अश्वशक्तीची आवृत्ती आली. घनाच्या नियमाने हिशेब केला तर नव्या गाडीचा वेग ४३२ यायला हवा. दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी भरली ४३१.०७२. वर्गात हा आकडा फळ्यावर लिहिला की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

पुढे २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच धावपट्टीवर बुगाटीच्या 'शिरॉन' या गाडीची खास तयार केलेली आवृत्ती १६०० अश्वशक्तीवर ताशी ४९०.४८४ किमी धावली. ही धाव मात्र एकाच दिशेची होती. व्हेरॉनवरून घनाचा नियम लावला तर ४७६ च्या आसपास आकडा येतो. वरचे चौदा-पंधरा किमी कोठून आले? त्या गाडीची शेपटी सुमारे २५ सेंटिमीटरने लांबवली होती आणि गाडी जमिनीला अधिक लगटून बसवली होती. गाडीच्या मागे फाटलेली हवा जितकी सावकाश मिटेल, तितकी मागची ओढ कमी. पाण्यातला मासा पुढून बोथट आणि मागे निमुळता का असतो, याचे उत्तर जीवशास्त्राच्या तासाला नव्हे, येथे मिळते.

इंजिनाची शक्ती हेच सर्वस्व नाही, याचा आमचा आवडता पुरावा त्याहून जुना आहे. १९९८ च्या मार्चमध्ये याच एरा-लेसिएनला ब्रिटिश बनावटीची 'मॅक्लारेन एफ १' ही मोटार दोन्ही दिशांच्या सरासरीने ताशी ३८६.४ किमी धावली. (चालक होते अँडी वॉलेस, एकवीस वर्षांनी शिरॉनही त्यांनीच चालवली.) तिचे इंजिन ६२७ अश्वशक्तीचे, त्याला टर्बोही नव्हता. म्हणजे व्हेरॉनला तिच्यापेक्षा ३७४ अश्वशक्ती अधिक, आणि वेग अधिक जेमतेम वीस किलोमीटर. मॅक्लारेन अंगाने अरुंद व लहान होती. व्हेरॉन रुंद होती, आणि एवढ्या मोठ्या इंजिनाची उष्णता काढायला तिला दहा रेडिएटर लागत. त्यांतून वाहणारी हवाही मोटारीला मागे ओढतच असते. मोठे इंजिन आपला खर्च आपणच वाढवते.

या सगळ्यांच्या आधीची, १८९९ ची एक हकिकत येथे सांगण्याचा मोह होतो. पॅरिसजवळ आशेर येथे कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थांनी २९ एप्रिल रोजी ताशी १०५.८८ किमी वेग गाठला; ताशी १०० किमी ओलांडणारी ती पहिली मोटार. ती विजेवर चालणारी होती, हे आजच्या वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावे. गाडीचे अंग पाणतीरासारखे दोन्ही टोकांना निमुळते केलेले, म्हणजे हवेचा विचार केलेला होता. आणि चालक मात्र त्यावर छाती ताठ करून उघड्या हवेत बसलेला! तिचे नाव होते 'ला जामे काँतांत', म्हणजे 'कधीही समाधानी नसलेली'. तृष्णेचे याहून प्रामाणिक नाव आमच्या वाचनात नाही.

आता गिअरचे पाहू. इंजिन आपली पूर्ण शक्ती एका ठराविक फेऱ्यांनाच देते. आमच्या नमुन्याच्या गाडीत ती मिनिटाला ६००० फेऱ्यांना मिळते असे धरू. टायरचा परीघ १.८ मीटर असेल, तर ताशी १६० किमीला चाक मिनिटाला सुमारे १४८० फेरे घेते. म्हणून इंजिनाच्या चार फेऱ्यांमागे चाकाचा एक फेरा, अशी जुळणी ज्या गिअरमध्ये असेल त्याच गिअरमध्ये कमाल वेग मिळेल. पुष्कळ लहान गाड्यांत ही जुळणी चौथ्या गिअरमध्ये असते. पाचवा गिअर इंधन वाचवण्यासाठी दिलेला असतो. त्यात इंजिन सावकाश फिरते आणि पूर्ण शक्तीपर्यंत पोचतच नाही. 'पाचवा टाकला की गाडी जास्त पळते' हा समज त्या गाड्यांपुरता तरी चुकीचा आहे. सायकलच्या दातेरी चकत्या ज्यांनी कधी बदलल्या असतील त्यांना हे लगेच पटेल. उलट प्रकारही होतो : हवा अजून वाट देत असते, शक्तीही शिल्लक असते, पण इंजिनाचे फेरे मर्यादेला टेकतात. मॅक्लारेनच्या १९९८ च्या धावेसाठी फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला ७५०० वरून ८३०० वर नेली होती, ती याच कारणाने. विजेच्या मोटारींना बहुधा एकच गिअर असतो, म्हणून त्यांचा कमाल वेग पुष्कळदा हवेऐवजी मोटरच्या फेऱ्यांवर किंवा बॅटरीच्या काळजीने घातलेल्या मर्यादेवर ठरतो.

आणि मग टायर. या घटकाचा विचार सर्वांत कमी होतो, आणि आमच्या मते सर्वांत आधी तोच व्हायला हवा. फिरणाऱ्या चाकाच्या कडेवरचा प्रत्येक कण बाहेर फेकला जाऊ पाहतो. त्याला धरून ठेवणारे बल वेगाच्या वर्गाने वाढते. लहान मोटारीच्या टायरवर ताशी १२० किमीला एक ग्रॅम रबराला धरून ठेवण्यासाठी लागणारे बल सुमारे ३९० ग्रॅम वजनाएवढे असते. ताशी १६० ला सुमारे ७०० ग्रॅम. व्हेरॉनच्या कमाल वेगाला पावणेचार किलोच्या आसपास. शिरॉनच्या त्या धावेआधी प्रत्येक टायर क्ष-किरणांखाली तपासून घेतला होता, यात नवल नाही. व्हेरॉनच्या १२०० अश्वशक्तीच्या आवृत्तीने ४३१ गाठले तरी ग्राहकांना ती गाडी ताशी ४१५ वर बांधूनच दिली जाई. इंजिनाला जमत होते, हवेनेही वाट दिली होती. टायरची खात्री नव्हती.

आपल्या गाडीच्या टायरवरही ही मर्यादा छापलेली असते, पण वाचतो कोण? बाजूवर आकारमानाच्या आकड्यांनंतर एक रोमन अक्षर येते : 'एस' असेल तर ताशी १८०, 'टी' असेल तर १९०, 'एच' असेल तर २१०. ही मर्यादा नव्या, योग्य हवा भरलेल्या आणि ठरल्यापेक्षा जास्त बोजा नसलेल्या टायरची असते. हवा कमी असेल तर टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक दुमडते आणि तापते. ताशी १२० किमीला टायर मिनिटाला अकराशेहून अधिक वेळा असा दुमडतो, उलगडतो. गावातल्या रस्त्यावर हेच चाक सावकाश फिरते आणि मधूनमधून थांबते, म्हणून कमी हवेचा दोष तेथे झाकला जातो. सरळ काँक्रीटच्या रस्त्यावर दुपारच्या उन्हात तासन् तास एकाच वेगाने धावताना तो उघडा पडतो. टायरवर चार आकड्यांचा एक शिक्काही असतो. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. ३५१८ म्हणजे २०१८ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. गोट्यांसारखा गुळगुळीत झालेला टायर सर्वांना दिसतो. नक्षी शाबूत पण रबर म्हातारे, असा टायर हा तारीख वाचल्याखेरीज कळत नाही.

काही मर्यादा माणसांनी समजून-उमजून घातलेल्या आहेत. जर्मनीतल्या काही मोठ्या उत्पादकांनी आपसांतील समजुतीने आपल्या बहुतेक गाड्या ताशी २५० वर बांधल्या. व्होल्व्हो कंपनीने २०२० पासून आपल्या सर्व नव्या गाड्यांना १८० ची मर्यादा घातली. आपल्याकडे प्रवासी टॅक्सी आणि मालवाहू वाहनांना वेगनियंत्रक बसवून ८० ची मर्यादा येते. आणि जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारी सूचना असते. ती वायर काढून टाकून देणारे लोक आहेत, हेही आम्हांला ठाऊक आहे.

नागपूर ते मुंबई असा ७०१ किमीचा समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण खुला झाला. सपाट भागात मोटारींना त्यावर ताशी १२० ची परवानगी आहे. आपल्या भागातल्या पुष्कळ गाड्यांनी आणि पुष्कळ चालकांनी एवढा वेग सलगपणे पूर्वी कधी पाहिलेला नव्हता. म्हणून या धड्यात आम्ही आणखी एक 'कमाल वेग' मांडतो. तो इंजिन आणि हवा यांच्यात ठरत नाही. नजर आणि ब्रेक यांच्यात ठरतो.

अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. ताशी १२० ला त्या सेकंदात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. नंतर चांगले टायर आणि कोरडा रस्ता असेल तर थांबायला सुमारे ७९ मीटर. एकूण ११२. ताशी ६० ला हेच अंतर सुमारे ३७ मीटर भरते. ओला रस्ता, झिजलेला टायर, झोपेने जड झालेले डोळे यांपैकी काहीही यात धरलेले नाही. आता रात्रीचे पाहा. डिपरवर पुढचा रस्ता साधारण ५० ते ६० मीटरच नीट दिसतो. तेवढ्या अंतरात थांबू शकणारा वेग कोणता? गणित केले तर उत्तर येते ताशी ८० च्या आसपास. म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनामुळे किंवा सवयीने डिपर ठेवून १२० ने जाणारा चालक सुमारे ५० मीटर अंतर न पाहताच चालत असतो. तेथे बंद पडलेला ट्रक उभा नसेल, एवढ्यावर सारी भिस्त.

वेळेची बचत किती होते, तेही सांगायला हवे, नाहीतर धडा एकतर्फी होईल. ३०० किमीला ताशी ८० ने पावणेचार तास लागतात, १२० ने अडीच. सव्वा तास वाचतो. दवाखान्याची घाई असेल तर तो मोठाच आहे, हे आम्ही नाकारत नाही. त्यासाठी दर किलोमीटरला गाडी ढकलण्याचे काम मात्र ३२७ न्यूटनवरून ५८७ न्यूटनवर जाते, म्हणजे जवळजवळ १.८ पट. मधला मार्ग काढायचा तर ताशी १०० ला ते ४४४ न्यूटन असते आणि प्रवासाला लागतात तीन तास.

धडा आहे म्हटल्यावर स्वाध्याय हवाच. घरच्या किंवा शेजारच्या गाडीची पुस्तिका घ्या. इंजिनाची अश्वशक्ती पाहा, तीतून सातवा भाग वजा करा, उरलेल्या संख्येला ७३५ ने गुणा. ही चाकांपाशी मिळणारी शक्ती वॉटमध्ये. गाडीची रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराचे ८० ते ८५ टक्के म्हणजे साधारण समोरचे क्षेत्रफळ. त्याला रोध गुणांकाने आणि ०.६ ने गुणले की आमच्या ०.४२ च्या जागी तुमच्या गाडीचा आकडा येईल. चाकांच्या रोधासाठी दर १०० किलोमागे १२ न्यूटन धरा. मग मीटर प्रति सेकंदातला असा वेग शोधा की, त्या वेगाच्या घनाला तुमच्या आकड्याने गुणून त्यात चाकांचा रोध गुणिले वेग मिळवला की बेरीज मिळालेल्या शक्तीएवढी होईल. आलेल्या वेगाला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. दहावीतला विद्यार्थी दोन-तीन अंदाजांत तेथे पोचतो. उत्तर पुस्तिकेतल्या कमाल वेगापेक्षा बरेच मोठे आले, तर तुमच्या गाडीत गिअरची जुळणी किंवा वेगनियंत्रक आडवा आला आहे असे समजावे. बरेच लहान आले, तर रुंदी मोजताना बाजूचे आरसे धरले आहेत काय, ते आधी पाहावे.